काशीच्या पंडिताचे तीन प्रश्न

परधर्मीय शेजाऱ्याने किंवा कचेरीतील सहकाऱ्याने आपल्या श्रद्धेविषयी एखादा अडचणीचा प्रश्न विचारला, तर आमच्या कॅथलिक कुटुंबांतून सामान्यतः दोन प्रकारची प्रतिक्रिया उमटते. काहीजण त्या प्रश्नाला हल्ला समजून वादास सज्ज होतात. बहुसंख्य लोक मात्र ‘हे आमच्या फादरांना विचारा’ असे म्हणून विषय संपवितात. दोन्ही वेळी प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. आणि काही वर्षांनी तोच प्रश्न आपल्या घरातला, कॉलेजात जाणारा मुलगा विचारतो, तेव्हा आईबाप गडबडून जातात. बाहेरून आलेला प्रश्न परतवून लावता येतो. घरातून उठलेला प्रश्न कुठे परतवणार?

म्हणून आज आम्ही वाचकांना सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे नेऊ इच्छितो. त्या काळी ख्रिस्ती सिद्धांतांवर हिंदू पंडितांनी संस्कृतात ग्रंथ लिहून टीका केली. त्यांतला सर्वांत तीक्ष्ण ग्रंथ लिहिणारा पंडित मूळ कोकणातल्या चित्पावन घराण्यातला, आपल्याच भाषेचा माणूस होता. त्याने विचारलेले प्रश्न आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून अजूनही विचारले जातात. आणि विशेष म्हणजे, हे प्रश्न विचारणारा पंडित पुढे स्वतःच प्रभू येशूचा अनुयायी झाला, तरी त्यांतला एक प्रश्न त्याची पाठ सोडीना.

‘मतपरीक्षा’ आणि तिची पार्श्वभूमी

जॉन म्यूर हा स्कॉटलंडचा रहिवासी, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेतील अधिकारी. संस्कृतचा त्याचा व्यासंग मोठा होता. पुढे त्याने संस्कृत मूळ वचनांचे पाच खंड सिद्ध केले आणि १८६२ साली एडिंबरो विद्यापीठात संस्कृतचे अध्यासन स्थापण्यास साहाय्य केले. ख्रिस्ती धर्माची मांडणी पंडितांच्या भाषेत व त्यांच्या पद्धतीने करावी या हेतूने त्याने १८३९ साली कलकत्त्यास ‘मतपरीक्षा’ नावाचा श्लोकबद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपाने त्याने त्यात खऱ्या धर्माची तीन लक्षणे सांगितली: धर्मसंस्थापकाच्या ठायी चमत्काराचे सामर्थ्य असावे, शिकवण पवित्र असावी आणि ती एका जातीसाठी वा देशासाठी नसून सर्व मानवजातीसाठी असावी. ही लक्षणे ख्रिस्ती धर्मालाच लागू पडतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

येथे एक गोष्ट आम्ही आवर्जून नमूद करतो. म्यूर प्रॉटेस्टंट होता, आणि त्याने पंडितांपुढे ठेवले ते त्याच्या पंथाने शिकविलेले ख्रिस्ती मत. त्यात शुद्धिस्थानाचा विचार नव्हता, पवित्र परंपरेला व ख्रिस्तसभेच्या अधिकाराला स्थान नव्हते. पंडितांनी टीका केली ती त्यांच्यापुढे आलेल्या मांडणीवर. तरीही ‘ती टीका प्रॉटेस्टंटांवर होती, आम्हांला तिचे काय?’ असे म्हणून आम्हांला सुटता येणार नाही. त्यांनी ज्यावर बोट ठेवले, ते बहुतेक सारे सिद्धांत आम्हां उभयतांचे समाईक आहेत.

अशा वादांचे वारे तेव्हा मुंबई इलाख्यातही वाहत होते. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्यात जाहीर वाद झाला आणि त्याच वर्षी मोरभटांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. विल्सन यांनी १८३२ साली त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले. पुढे १८५७ च्या पहिल्या सहामाहीत विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला मिशनऱ्यांशी वाद घातला.

आमच्या वसई-गोव्याच्या इतिहासाशी हे ताडून पाहिले म्हणजे एक फरक डोळ्यांत भरतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्या महाकाव्यात सासष्टीचे नवख्रिस्ती प्रश्न विचारतात आणि पाद्री त्यांना उत्तरे देतात. परंतु हे प्रश्न विचारणारे श्रोते फादरांच्याच लेखणीतून उतरलेले आहेत. पोर्तुगीज अमलात, १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आल्यानंतर, हिंदू पंडिताने त्या ग्रंथाला उघड उत्तर लिहावे अशी परिस्थितीच नव्हती. ज्या सभेत एकाच पक्षाला बोलता येते, तिथे त्या पक्षाची बाजू कितीही सत्य असली तरी ती कसाला लागत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातील पंडितांची उत्तरे आम्हांला मोलाची वाटतात. तेव्हाही राज्य परक्यांचे होते आणि म्यूर हा राज्यकर्त्यांपैकीच एक होता; तरी पंडितांना लिहिता आले, आणि त्यांनी लिहिले.

तीन पंडित, तीन स्वर

‘मतपरीक्षे’ला तिघांनी संस्कृतात उत्तर दिले. पहिले उत्तर १८३९ सालचेच, ‘मतपरीक्षाशिक्षा’. त्यावर लेखकाचे नाव सोमनाथ असे आहे. हे सोमनाथ म्हणजेच सिहोरचे सुबाजी बापू, असे अभ्यासकांचे मत आहे. सुबाजी बापू हे मराठी ब्राह्मण. भोपाळचे ब्रिटिश अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या पाठशाळेत ते होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे नवे ज्ञान मराठीत मांडणारा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा त्यांचा ग्रंथ १८३६ सालचा. असा नव्या विद्येचे स्वागत करणारा पंडित धर्माच्या बाबतीत मात्र सौम्य शब्दांत सांगतो की, ज्याच्या त्याच्या अधिकारानुसार परमेश्वरानेच मार्ग वेगवेगळे केले आहेत. प्रत्येकाने आपापला धर्म पाळावा, दुसऱ्याची निंदा करू नये. त्यांच्या उत्तरात राग नाही.

दुसरे उत्तर बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन यांचे, १८४० सालचे ‘मतपरीक्षोत्तरम्’. हा स्वर कडवट आहे. परकी सत्ता आणि तिच्याबरोबर येणारा धर्मोपदेश यांविषयीचा संताप त्यात लपत नाही. आम्हांला तो वाचताना त्रास होतो, पण त्याचे कारण समजत नाही असे नाही.

तिसरे उत्तर नीलकंठशास्त्री गोरे यांचे. त्यांचा जन्म १८२५ सालचा, झाशीच्या परिसरातला. घराणे पुढे काशीला स्थायिक झाले. काशीत विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याशी वाद घालण्यास हा तरुण शास्त्री गेला तो त्याला निरुत्तर करण्याच्या इराद्याने. १८४४-४५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या विशीत, त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. तो हस्तलिखित रूपातच राहिला आणि शंभराहून अधिक वर्षांनी, १९५१ साली, उज्जैनहून छापून प्रसिद्ध झाला.

नीलकंठशास्त्र्यांचा पवित्रा विचार करण्यासारखा आहे. म्यूरने सर्व धर्म बुद्धीच्या तराजूत तोलण्याचे आवाहन केले होते. शास्त्रीबुवांचे म्हणणे असे की, परमेश्वरविषयक सत्य केवळ तर्काने हाती लागत नाही. आधी शास्त्रावर श्रद्धा, मग तिच्या मर्यादेत तर्क. आणि तरीही तुम्हांला तर्काचाच तराजू हवा असेल, तर तुमचे मतही त्याच पारड्यात घाला. मग काय दिसते ते पाहा. एवढे बजावून त्यांनी जे आक्षेप घेतले, त्यांतील तीन आम्ही येथे विचारार्थ घेतो.

पहिला प्रश्न: जन्मतःच आंधळा का?

एक मूल धडधाकट जन्मते, दुसरे जन्मांध असते. एक श्रीमंताघरी, एक भुकेकंगालाच्या झोपडीत. हिंदू शास्त्रकार म्हणतात, हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ. ख्रिस्ती मतानुसार तर आत्मा पूर्वी नव्हताच. परमेश्वराने तो नव्याने निर्माण केला. मग ज्याने अद्याप बोटही हलविलेले नाही, त्याच्या वाट्याला हे दुःख कोणत्या न्यायाने आले? अशा परमेश्वराला न्यायी म्हणावे काय, आणि दयाळू तरी कसे म्हणावे? हा नीलकंठशास्त्र्यांचा पहिला प्रश्न.

वाचकहो, हा प्रश्न शुभवर्तमानाला अनोळखी नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य प्रभूला जवळजवळ हेच विचारतात. रस्त्याच्या कडेला बसलेल्या जन्मांधाकडे पाहून त्यांना जाणून घ्यायचे असते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हाही लोकांच्या मनात हाच हिशेब होता. तो प्रसंग संत लूकने तेराव्या अध्यायात नोंदविला आहे. दोन्ही ठिकाणी प्रभू येशू दुःखाची आणि पापाची ही सरळ बेरीज-वजाबाकी नाकारतो. आंधळा मनुष्य कोणत्याही जमाखर्चाचा भाग नाही. प्रभू त्याच्या डोळ्यांना माती लावतो आणि त्याला दृष्टी देतो.

पण मग दुःखाचे कारण काय, याचे संपूर्ण उत्तर प्रभूने दिले काय? आम्ही प्रामाणिकपणे म्हणतो, जसे उत्तर शास्त्रीबुवांना हवे होते, तसे दिले नाही. कर्मसिद्धांताजवळ प्रत्येक दुःखाचे स्पष्टीकरण आहे. आमच्याजवळ प्रत्येक दुःखात सोबत करणारा क्रूसावरचा प्रभू आहे. या दोन गोष्टी एकाच जातीच्या नाहीत. पुढे ख्रिस्ती झाल्यावर शास्त्रीबुवांनी स्वतःच दर्शनशास्त्रांची परीक्षा करताना कर्माच्या अनादी साखळीवर आक्षेप घेतले. प्रत्येक कर्माचे कारण त्याआधीचे कर्म मानीत मागे मागे गेले, तर प्रश्न सुटत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. म्हणजे या कोड्यापाशी दोन्ही परंपरांना थांबावे लागते. आजारी बालकाच्या खाटेशी बसलेल्या बापाला आम्ही धर्मगुरूंनी स्पष्टीकरणे देऊ नयेत. त्याच्याजवळ बसावे. बेथानीस लाजरसच्या कबरेपाशी प्रभूने तेच केले. उठविण्याआधी तो रडला.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो आमच्या कुटुंबांना फार जवळचा आहे. स्नानसंस्काराआधीच मरण पावलेल्या बालकाचे काय? पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने मूळपापाच्या सिद्धांतावरून कठोर निष्कर्ष काढला की, अशा बालकाला स्वर्ग नाही, त्याची शिक्षा अत्यंत सौम्य असली तरी ती शिक्षाच. मध्ययुगातील ईशज्ञान्यांनी तो निष्कर्ष मवाळ करीत ‘लिंबो’ची कल्पना मांडली. तेथे यातना नाहीत, पण परमेश्वराचे दर्शनही नाही. ख्रिस्तसभेने लिंबोला श्रद्धासिद्धांत म्हणून कधीही घोषित केले नाही. परंतु व्यवहारात तीच शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार अशा बालकांना ख्रिस्तसभेचा दफनविधी मिळत नसे. मग आईच्या मनावर काय आघात होत असेल? आधीच लेकरू गेले, त्यात त्याच्यासाठी प्रार्थनाही नाही.

१९८३ च्या नव्या धर्मसंहितेने, ज्या बालकाला स्नानसंस्कार देण्याचा आईबापांचा मानस होता, त्याच्यासाठी दफनविधीची मुभा देण्याचा अधिकार महागुरुस्वामींना दिला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या श्रद्धाग्रंथाने अशा बालकांना परमेश्वराच्या दयेच्या स्वाधीन केले आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास सांगितले. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने याच विषयावर स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध करून त्या आशेची सविस्तर कारणे दिली. बेथलेहेमात हेरोदाने मारलेली बालके स्नानसंस्काराविनाच गेली. त्यांचा सण तर आम्ही दरवर्षी २८ डिसेंबरला साजरा करतो. आशेची खूण आमच्याच दिनदर्शिकेत होती. ती पुरती वाचायला आम्हांला शतके लागली. आजही एखाद्या आजीच्या मनात आपल्या तशा गेलेल्या बाळाविषयी जुनी धास्ती असेल, तर घरच्यांनी ही गोष्ट तिला अवश्य सांगावी.

दुसरा प्रश्न: मर्यादित पापाला अनंत शिक्षा?

माणसाचे आयुष्य साठ-सत्तर वर्षांचे. त्यात तो करून करून किती पाप करील? त्या मोजक्या पापासाठी न संपणारा नरक हा कोणता न्याय? हिंदू शास्त्रांतही नरक आहेत, पण ते भोगून संपतात. जीवाला पुन्हा संधी मिळते. ज्याला दयासागर म्हणता, त्याच्या दयेला मरणाची रेघ का आडवी येते? हा शास्त्रीबुवांचा दुसरा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत भेदक.

संत थॉमस अक्विनास यांनी या आक्षेपाला उत्तर दिले होते की, पापाचे मोजमाप त्याला लागलेल्या वेळावर नसते. अनंत परमेश्वराचा अपराध हा त्या अर्थी अनंतच. तर्कशास्त्रात हे उत्तर उभे राहते. पण माणसाच्या अंतःकरणाचे समाधान त्याने होते का, हा वेगळा प्रश्न आहे.

येथे कॅथलिक शिकवणीतील काही गोष्टी पंडितांसमोर आल्याच नाहीत, याची नोंद केली पाहिजे. प्राणघातक पाप आणि लहान पाप यांतील भेद, आणि मृत्यूनंतरच्या शुद्धीकरणाची शिकवण या आमच्या परंपरेत पूर्वापार आहेत. फ्लॉरेन्स आणि ट्रेंट येथील विश्वपरिषदांनी शुद्धिस्थानाची शिकवण अनुक्रमे १४३९ व १५६३ साली निश्चित शब्दांत मांडली. दोषांसह पण परमेश्वराकडे तोंड करून मरण पावलेला माणूस नरकात जात नाही. तो शुद्ध होतो. आमच्या घराघरांतून नोव्हेंबर महिन्यात मृतांसाठी मिस्सा सांगितल्या जातात, त्या याच श्रद्धेपोटी. भोगून संपणाऱ्या शुद्धीचा विचार शास्त्रीबुवांना ख्रिस्ती मतात आढळला नाही, कारण त्यांच्या हाती आलेल्या पुस्तकात तो नव्हता.

आणि नरक? ख्रिस्तसभेने नरकाचा सिद्धांत सोडलेला नाही, सोडता येणारही नाही. कारण प्रभू स्वतः त्याविषयी गंभीरपणे बोलला आहे. परंतु १९९२ चा श्रद्धाग्रंथ नरकाची व्याख्या करताना परमेश्वरापासून माणसाने स्वेच्छेने कायमचे दूर होणे, असा अर्थ सांगतो. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी २८ जुलै १९९९ रोजी केलेल्या प्रवचनात नरक ही जागेपेक्षा अवस्था आहे, हे स्पष्ट केले. दयेचे दार परमेश्वर बंद करीत नाही. माणूस आतून कडी लावून घेतो. ज्या प्रेमाला नकार देण्याचे स्वातंत्र्य नाही, ते प्रेम नव्हे. शिवाय ख्रिस्तसभेने असंख्य लोकांना संत म्हणून घोषित केले आहे. अमुक मनुष्य नरकात गेला, असे तिने आजवर एकाही व्यक्तीविषयी जाहीर केलेले नाही. या मौनात मोठी शिकवण आहे. जे प्रवचनकार नरकाची लोकसंख्या ठाऊक असल्यासारखे बोलतात, त्यांनी तिचे मनन करावे.

तिसरा प्रश्न: ज्यांच्या कानी ते नाव पडलेच नाही

तुमचा धर्म सर्व मानवजातीसाठी आहे ना? मग तो आमच्या देशात इतक्या उशिरा का आला? जे आमचे पूर्वज त्याआधी मरून गेले, त्यांचा अपराध कोणता? म्यूरने सांगितलेल्या तिसऱ्या लक्षणावर पंडितांचा हा रोख होता.

हा प्रश्न त्यापूर्वी तीनशे वर्षे आमच्याच एका संताला विचारला गेला होता. गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर १५४९ ते १५५१ या काळात जपानात होते. तेथून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळविले आहे की, जपानी नवख्रिस्ती आपल्या मृत आईबापांसाठी, बायकामुलांसाठी रडत. त्यांच्यासाठी काहीच उपाय नाही का, असे पुन्हा पुन्हा विचारीत. उपाय नाही, असे उत्तर त्या काळच्या समजुतीप्रमाणे झेवियरांनी दिले. पण त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही दुःख होते, हेही त्यांनी लपविले नाही. संताच्या त्या दुःखाला ईशज्ञानात योग्य जागा मिळण्यास चार शतके लागावयाची होती.

तसे पाहिले तर बीज फार जुने होते. दुसऱ्या शतकातील हुतात्मा संत जस्टिन यांनी सर्व मानवांत ईश्वरी शब्दाचे बीज पेरलेले आहे, असे म्हटले होते. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५४७ साली स्नानसंस्काराच्या इच्छेलाही मोल दिले. दुसरीकडे फ्लॉरेन्सच्या विश्वपरिषदेचा १४४२ चा निर्णय ख्रिस्तसभेबाहेर असणाऱ्यांविषयी अत्यंत कडक होता. हे दोन्ही प्रवाह एकाच नदीत वाहत राहिले. परमगुरू नववे पायस यांनी १८६३ साली शिकविले की, जे स्वतःच्या दोषाविना खऱ्या धर्माविषयी अज्ञानी आहेत आणि सदाचाराने वागतात, ते परमेश्वराच्या कृपेने सार्वकालिक जीवन मिळवू शकतात. १९४९ साली बॉस्टनमधील एक धर्मगुरू ‘कॅथलिक नाही तो नरकात’ असे शिकवू लागले, तेव्हा रोमने त्यांचे म्हणणे अमान्य केले. आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात हीच शिकवण साऱ्या जगापुढे ठेवली. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, इतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात हिंदू धर्मातील चिंतन, तप आणि भक्ती यांचा आदराने उल्लेख आला.

काहीजण म्हणतील, मग ख्रिस्तसभेने आपली शिकवण बदलली काय? आम्ही म्हणतो, नाही. तारण प्रभू येशूद्वारेच आहे, ही श्रद्धा तीच आहे. परंतु त्याचा हात किती लांब पोहोचतो, याची आमची जाण वाढली. आणि ती वाढण्यात जपानच्या त्या रडणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्यासारखे प्रश्न विचारणाऱ्या इतर देशांतील लोकांचा वाटा नाही, असे कोण म्हणेल?

पुढे शास्त्रीबुवा

नीलकंठशास्त्री १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे स्नानसंस्कार घेऊन नेहेम्या गोरे झाले. वादात हरले म्हणून नव्हे. शुभवर्तमान वाचताना, विशेषतः डोंगरावरील प्रवचन वाचताना, त्यांचे मन हळूहळू वळत गेले. या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली; आप्तांचा दुरावा आला, आणि काही वर्षांतच पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलीला मागे ठेवून निवर्तल्या. १८६० साली त्यांनी हिंदीत ‘षड्‌दर्शनदर्पण’ हा ग्रंथ लिहिला. १८७० साली त्यांना अँग्लिकन पंथात धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती धर्मस्वीकारामागे ज्यांच्या लेखनाचा प्रभाव होता, त्यांत गोरे अग्रभागी होते. १८९५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

ते कॅथलिक झाले नाहीत. परंतु अँग्लिकन पंथातही त्यांचा ओढा परंपरा, संस्कार आणि ख्रिस्तसभेचा अधिकार मानणाऱ्या गटाकडे होता. काशीच्या त्या विशीतल्या पंडिताने मांडलेले तत्त्व, की आधी श्रद्धा आणि मग तिच्या आधाराने तर्क, ते त्यांनी ख्रिस्ती झाल्यावरही सोडले नाही. पण अनंत नरकाचा प्रश्न मात्र त्यांच्यामागे आयुष्यभर लागला. विरोधक असताना जो बाण त्यांनी सोडला, तो श्रद्धावंत झाल्यावर त्यांच्याच काळजात रुतून राहिला. ते त्या शिकवणीच्या बाजूने लिहीत आणि तरी मनातून व्याकूळ होत. आम्हांला हे त्यांच्या श्रद्धेचे उणेपण वाटत नाही. ज्याला इतरांच्या नरकाची कल्पना सहन होत नाही, त्याच्या ठायी प्रभूच्या अंतःकरणाचा काही अंश आहे, असेच आम्ही समजतो.

आमच्यासाठी बोध

या इतिहासातून आमच्या कुटुंबांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, टीका आणि निंदा यांतला भेद ओळखावा. आमच्या देवालयाची विटंबना करणारा, आमच्या माणसांना धमकावणारा हा टीकाकार नव्हे. त्याच्यासाठी कायदा आहे. पण जो माणूस आमची शिकवण समजून घेऊन, ती न्याय्य कशी असे विचारतो, तो आमच्या श्रद्धेला गांभीर्याने घेतो. कित्येकदा आम्हांपेक्षाही अधिक गांभीर्याने. नीलकंठशास्त्र्यांनी नव्या कराराची पाने उलटली ती खंडनासाठी. आमच्यापैकी कितीजण ती श्रद्धेसाठी तरी उलटतात?

दुसरी गोष्ट, उत्तर येत नसेल तर ‘वाचून सांगतो’ असे म्हणावे आणि खरोखर वाचावे. श्रद्धाग्रंथ घरात असावा, आणि तो पवित्र चित्राच्या शेजारी धूळ खात पडलेला नसावा. अर्धवट माहितीवर कठोर उत्तर देऊ नये. पंडितांना ख्रिस्ती मत त्याच्या सर्व समृद्धीसह कळले नाही, तसेच आम्हांलाही कर्मसिद्धांत किंवा वेदांत आपोआप कळलेला नसतो. ज्या न्यायाने आपली परीक्षा व्हावी असे वाटते, त्याच न्यायाने दुसऱ्याच्या धर्माची परीक्षा करावी.

तिसरी आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे, घरातल्या मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. वर्गात ‘गप्प बस’ म्हणून दाबलेला प्रश्न मरत नाही. तो मुलासोबत कॉलेजात जातो, नोकरीच्या गावी जातो, आणि एक दिवस मुलगा मिस्सेला यायचा थांबतो, तेव्हा आईबाप म्हणतात, अचानक काय झाले याला? अचानक काहीच होत नसते.

सत्याला प्रश्नांचे भय नसते. भय असते ते आमच्या आळसाला आणि अभिमानाला. काशीच्या त्या तरुण शास्त्र्याने प्रश्न विचारता विचारता प्रभूचे दार ठोठावले, हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आले नसेल. आपल्या उंबऱ्यावर येणारा प्रश्नकर्ता कोणत्या दाराशी उभा आहे, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असते? म्हणून त्याला आदराने आत घ्यावे, बसायला सांगावे आणि त्याचे पुरते ऐकून घ्यावे.